दोन सेंटिमीटर उंचीवरून दिसणारे शहर

पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा, सारसबाग आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय आवर्जून दाखवतो. मुले बरोबर असली तर कोथरूडच्या जी. ए. कुलकर्णी पथावरील छोट्या रेल्वेचे संग्रहालयही त्या यादीत असते. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि 1998 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल आणि उड्डाणपूल यांच्याभोवती येथे एक अख्खे शहर वसलेले आहे. त्यात रस्ते आहेत, सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, रोपवे आहे. मुलांचे डोळे धावत्या गाड्यांवर खिळलेले असतात. मोठ्यांची नजर मात्र हळूहळू त्या शहराकडे वळते आणि खिशातला मोबाइल बाहेर येतो.

घरी आल्यावर ते छायाचित्र पाहिले की बहुतेकांचा हिरमोड होतो. प्रत्यक्ष पाहताना जे शहर भासले होते, ते चित्रात टेबलावर मांडलेली खेळणी होऊन बसते. यात दोष कॅमेऱ्याचा नसतो, आपण कोठून पाहतो याचा असतो.

लहान रेल्वेच्या छंदात जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण 1:87 हे आहे. हिशेब सोपा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावत आलेला प्रवासी डबा सुमारे 21.3 मीटर लांबीचा असतो. या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. वीस डब्यांची गाडी जोडायची तर जवळजवळ 5 मीटर जागा हवी. साडेपाच फूट उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरहूनही किंचित कमी भरतो. म्हणजे त्या नगरातील रहिवाशाचे डोळे जमिनीपासून दोन सेंटिमीटरच्या आतच असतात. आपण उभे राहून छायाचित्र घेतो, तेव्हा त्या नगराच्या मानाने कित्येक मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पाहत असतो. तेथून छपरे आणि माणसांची डोकी दिसतात. गल्ली, ओटा, दुकानाची पाटी, दारात उभा असलेला माणूस यांतले काही दिसत नाही.

दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्याचे छायाचित्र घेताना हाच अनुभव येतो. उभ्याने घेतले तर मातीचा ढीग दिसतो. पोटावर पडून, पायथ्याच्या मावळ्याच्या नजरेने घेतले की तोच ढीग गड होतो.

मोबाइलची भिंग वरच्या कडेला असते, म्हणून मोबाइल उलटा धरावा. मग भिंग खाली येते आणि जवळजवळ रस्त्यालाच टेकते. या कामी मोबाइल मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतो, कारण तो अरुंद जागी शिरतो आणि त्याच्या लहान भिंगातून जवळचे व दूरचे दोन्ही पुष्कळसे स्पष्ट येते. मोठा कॅमेरा इतक्या जवळून एकच घर स्पष्ट टिपतो. पुढचे-मागचे सारे धूसर होते आणि त्या धूसरपणामुळेच पाहणाऱ्याला ‘हे लहान आहे’ असे कळते. यावर उपाय म्हणजे कॅमेरा तिवईवर पक्का ठेवायचा, भिंगाचे छिद्र बारीक करायचे आणि स्पष्टतेचा बिंदू थोडा थोडा मागे सरकवत आठ-दहा छायाचित्रे घ्यायची. पुढे संगणकावर ती एकत्र केली की अख्खी गल्ली स्वच्छ दिसते.

प्रकाशाचे तंत्रही समजून घेण्याजोगे आहे. सूर्य एकच असतो, म्हणून सावल्याही एकाच दिशेला पडायला हव्यात. फ्लॅश बंद ठेवावा. त्याने प्लास्टिक चकाकते आणि भिंतींवर कठोर सावल्या उमटतात. खोलीतला उजेड कमी करता आला तर घराघरांतले बारीक दिवे रंगत आणतात, मात्र तेव्हा छायाचित्राला अधिक वेळ द्यावा लागतो. त्या वेळात गाडी धावत असली तर ती पुसट रेघ होते आणि घरे स्थिर राहतात. वेगाचा याहून चांगला पुरावा नाही. टिपण्याआधी मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात चार सेंटिमीटरहून मोठा खडा दिसतो. मागे विजेचा खटका किंवा कोणाचे बोट तर येत नाही ना, हेही पाहावे. अर्थात हे सारे स्वतःच्या घरच्या मांडणीत. संग्रहालयात आधी परवानगी विचारावी आणि कशालाही हात लावू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका घटनेत मिळते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन नावाचे गृहस्थ राहत. व्यवसायाने ते छायाचित्रकार होते. घराच्या तळघरात त्यांनी डोंगर, पूल, बंदर आणि गावे यांसह एक विलक्षण छोटी रेल्वे उभारली होती. तिला त्यांनी ‘गोरी अँड डिफीटेड’ असे मिश्कील नाव दिले होते. जानेवारी 1973 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच घराला आग लागून ती रेल्वे जळाली. पंचवीसेक वर्षांची मेहनत गेली. तरीही आज जगभरातील छंदिष्ट त्या रेल्वेचा अभ्यास करतात, तो ॲलन यांनी स्वतः काळजीपूर्वक घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे. वस्तू उरली नाही, नोंद उरली.

याउलट उदाहरण जर्मनीतील हॅम्बुर्गचे आहे. तेथील गोदामांच्या जुन्या वस्तीत, जेथे एकेकाळी कॉफी, चहा आणि गालिचे साठवले जात, तेथे फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी 2001 मध्ये ‘मिनिएतूर वुंडरलांड’ सुरू केले. छंदाला त्यांनी रीतसर व्यवसायाची शिस्त दिली, म्हणून तो टिकला आणि वाढला. पुण्यातही भाऊ जोशींच्या छंदाला संग्रहालयाचे रूप मिळाले, दारे लोकांसाठी उघडली, म्हणून आज आपली नातवंडे ते पाहू शकतात. परंतु प्रत्येक छंदाला असे भाग्य लाभत नाही.

बँकेच्या नोकरीत तारण मालाची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे अनेक वर्षे होते. गोदामातील पोत्यांची मोजदाद, साठापत्रक, विमा यांत आपली व्यापारी मंडळी किती काटेकोर असतात, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच घरांतील माळ्यावर आजोबांनी जमवलेल्या नाण्यांची, अडकित्त्यांची किंवा हाताने केलेल्या देखाव्यांची कोठेही नोंद नसे. दुकानातल्या मालाला किंमत असते म्हणून त्याची वही असते. छंदाची किंमत सांगता येत नाही, म्हणून त्याची वही कोणी ठेवत नाही. घर बदलताना किंवा वाटणीच्या वेळी अशा वस्तू कोणाच्याच खात्यात बसत नाहीत आणि भंगारात जातात.

म्हणून घरात कोणी वडीलधाऱ्याने वर्षानुवर्षे खपून काही उभे केले असेल, तर ते करणारे हात आहेत तोवरच त्याची छायाचित्रे घ्यावीत. एक संपूर्ण मांडणीचे, काही रहिवाशाच्या नजरेने आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे पुढे आकार कळेल. प्रत्येक चित्राखाली काय, केव्हा आणि कशापासून केले, ते त्यांनाच विचारून लिहावे. एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. येत्या दिवाळीला घर आवरताना माळा उघडेलच. खोके खाली उतरवताना तिवईही हाताशी असू द्यावी.