लेक कबड्डी खेळते. तिला कॉलेजला कुठे घालायची?

बारावीचा निकाल लागला, की दिवेआगरच्या सुपारी-नारळाच्या वाड्यांतून दरवर्षी एकच विषय निघतो: पोरीला पुढे कुठे घालायची? मुंबईची मावशी फोनवर म्हणते, "पाठवून दे इकडे. मोठं कॉलेज आहे, पोरीचं भलं होईल." सासूबाई म्हणतात, "श्रीवर्धनला काय कमी आहे? एस.टी.ने जाईल-येईल, संध्याकाळी डोळ्यांसमोर असेल." वडील कागदावर खर्च मांडत बसतात. आणि पोर शाळेत, तालुक्याला कबड्डी गाजवून आलेली असली तर ती एवढंच विचारते, "आई, तिथे मुलींचा संघ आहे का?"

बाकी सगळ्या गोष्टींचा विचार होतो, हा एवढा राहून जातो. आणि मग होतं काय, की शाळेत ढाल मिळवणारी मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षी बूट माळ्यावर टाकते ते कायमचेच. कुणी तिला "खेळू नको" म्हटलेलं नसतं. कॉलेज निवडताना कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

खेळ आपल्याच मातीतला

महाराष्ट्रात आपण याला हुतुतू म्हणत होतो. बर्लिनला १९३६ साली ऑलिंपिक झालं, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदक मिळू लागलं १९९० साली, बीजिंगला. मुलींना मात्र त्यासाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. २०१० साली ग्वांगझूला महिलांची कबड्डी आली आणि पहिलं सुवर्णपदक भारताच्या मुलींनी आणलं. २०१४ ला पुन्हा सुवर्ण. २०१८ ला इराणकडून हार. आणि २०२३ साली हांगझोला चिनी तैपेईवर २६-२५ असा एका गुणाने विजय!

२०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. राज्य शासनाने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. अभिलाषाला पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. तेव्हा "मुलीच्या जातीला कबड्डी काय कामाची?" असं कुणी म्हटलं, तर एवढं उत्तर पुरेसं आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, आणि रेल्वेही खेळाडू मुलींना नोकरीत घेते.

मुंबईत काय मिळतं?

मुंबईचं पहिलं बळ म्हणजे स्पर्धा. लालबाग, परळ, प्रभादेवी या गिरणगावच्या वस्त्यांत कोकणातून गेलेल्या माणसांनी हा खेळ वाढवला. तिथे कॉलेजखेरीज वस्तीतले संघ असतात, आणि सरावाला आपल्याहून तरबेज मुली समोर असतात. आपल्याहून चांगल्या खेळाडूची पकड करताना जे शिकायला मिळतं, ते दुबळ्यांना दहा वेळा हरवून मिळत नाही. चांगल्या मार्गदर्शकाची नजर पडायची शक्यताही तिथे जास्त.

पण याची दुसरी बाजूही पाहा. मैदानात उतरतात सात जणी, राखीव पाच. मोठ्या कॉलेजात या बारा जागांसाठी चाळीस मुली उभ्या राहिल्या, तर गावची मुलगी पहिली दोन वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवणार. मावशीचं घर बदलापूरला आणि कॉलेज दादरला असलं, तर लोकलच्या गर्दीतच जीव अर्धा होतो. संध्याकाळच्या सरावाला अंगात त्राण कुठून यायचं? वसतिगृहात ठेवली तर खर्च वेगळा, आणि दार किती वाजता बंद होतं हा प्रश्नही वेगळा.

आणि गावाजवळच्या कॉलेजात?

श्रीवर्धनला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे. जरा लांब जायचं तर महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय, अलिबागला जे.एस.एम. कॉलेज. पुष्कळ आयांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की ही कॉलेजं आणि मुंबईतली बहुतेक कॉलेजं एकाच मुंबई विद्यापीठाच्या छायेत येतात. म्हणजे श्रीवर्धनहून खेळणाऱ्या मुलीला आणि दादरहून खेळणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या संघाचं दार एकच. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत चमकली, निवड चाचणीत टिकली, की विद्यापीठाच्या संघातून ती देशातल्या इतर विद्यापीठांशी खेळू शकते. पुण्याला घातलीत तर विद्यापीठ बदललं, हे ध्यानात ठेवा.

लहान कॉलेजचं सुख असं, की पहिल्याच वर्षी सातांत जागा मिळते. रोज खेळायला मिळतं, चुका करायला मिळतात, कप्तानपद मिळतं. गाव लहान असलं की खेळ सगळ्या गावाचा होतो. सामना जिंकून आलेल्या मुलीला एस.टी.चा वाहक ओळखतो, वाणी विचारतो, आणि शेजारीणही "पोर उशिरा का येते?" असं विचारायची थांबते. हे शेवटचं काही थोडंथोडकं नाही हं!

पण एक धोका आहे, आणि तो मोठा आहे. सात मुली जमल्या नाहीत तर संघच उतरत नाही. दोघींची लग्नं ठरली, एकीने कॉलेज सोडलं, की उरलेल्या चौघींचं वर्ष फुकट. मोठ्या शहरात तुमची मुलगी बाकावर बसेल. इथे कदाचित बाकही नसेल.

सातासमुद्रापलीकडेही तोच प्रश्न

आपल्या ज्या मराठी बहिणी अमेरिकेत आहेत, त्यांच्या घरीही मुलं बारावीला आली की हीच चर्चा रंगते. खेळ तेवढा वेगळा. तिकडचं कॉलेज-फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. मिशिगन विद्यापीठाचं ॲन आर्बर हे गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, आणि तिथल्या मैदानात माणसं मावतात एक लाख सात हजारांवर! सामन्याच्या शनिवारी सारं गाव एका रंगाचे कपडे घालून लोटतं. उलट लॉस एंजेलिससारख्या अफाट शहरात यूसीएलए विद्यापीठाने १९८२ साली आपले सामने पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर नेले. कॉलेजपासून ते सुमारे चाळीस किलोमीटर. विद्यार्थ्यांना बसने जायचं आणि बसनेच परत यायचं. शहरात करमणुकी शंभर. त्यांत कॉलेजचा सामना ही एक. लहान गावात तोच सण.

तेव्हा खेळ पाहणारी माणसं हवीत तर लहान गाव, आणि खेळ तावून-सुलाखून घ्यायचा तर मोठं शहर, हा फरक सगळीकडे सारखाच दिसतो.

पाऊस आणि मॅट

कोकणातली एक अडचण मुंबईच्या मावशीला सांगून कळायची नाही. आंतरविद्यापीठ सामने बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येतात. म्हणजे निवड त्याआधी, आणि तयारी ऐन पावसाळ्यात. आपल्याकडे तर आषाढ-श्रावणात मैदानाचं शेत झालेलं असतं. कॉलेजात छप्पर असलेला हॉल नसेल, तर नेमके कामाचे महिने वाया जातात.

दुसरी गोष्ट मॅटची. मोठे सामने आता मातीवर होत नाहीत, मॅटवर होतात. मातीत वाढलेली मुलगी अनवाणी चपळ असते; मॅटवर बूट घालून उतरली की पाय अडखळतो, गुडघे-कोपरं सोलतात. म्हणून जवळच्या कॉलेजात घातलीत, तरी सुट्टीत महिनाभर मावशीकडे पाठवून मॅटवरचा सराव करून घ्यावा. मावशीचं आमंत्रण असं सत्कारणी लागतं.

खर्च आणि डबा

दिवेआगर ते श्रीवर्धन हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. विद्यार्थ्यांच्या एस.टी. पासाला दोन-तृतीयांश सवलत असते. शिवाय मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सामना पाहायला तुम्हीही जाऊ शकता. अवश्य जा. आई प्रेक्षकांत बसलेली पाहून मुलीच्या चढाईला वेगळाच जोर येतो.

खेळणाऱ्या मुलीला चहा-बिस्किटांवर ठेवू नका. सकाळी नाचणीची भाकरी किंवा आंबील, डब्यात मोडाची उसळ, सरावाआधी एक केळं, नंतर गूळ-शेंगदाणे. घरात मासे होतात तर तिच्या ताटात वाढताना भावाइतकेच वाढा. पोटभर जेवण आणि सराव यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. पाळीच्या दिवसांत तिला झेपत असेल तर खेळू द्यावं. फार त्रास होत असेल, किंवा सारखी दमत असेल, तर डॉक्टरकडून रक्त तपासून घ्यावं.

फॉर्म भरण्याआधी एवढं विचारा

कॉलेज कुठलंही असो, प्रवेश घेण्याआधी एकदा स्वतः जाऊन या आणि जिमखान्यात विचारा:

मुलींचा कबड्डी संघ गेल्या वर्षी खरोखर उतरला होता का? यंदा त्यांतल्या किती मुली कॉलेजात राहणार?

क्रीडाशिक्षक पूर्णवेळ आहेत का? सराव किती वाजता संपतो, आणि त्यानंतर गावाकडे गाडी आहे का?

पावसाळ्यात सराव कुठे होतो? मॅट आहे का?

बाहेरगावच्या सामन्याला सोबत शिक्षिका असते का? कपडे बदलायला बंद खोली आहे का?

सामन्यांमुळे बुडालेली हजेरी धरतात का?

यांतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर जवळचं कॉलेज बेशक घ्यावं. अठराव्या वर्षी खेळाडूला सगळ्यांत गरज असते ती खेळायला मिळण्याची, आणि ते तिथे मिळतं. विद्यापीठाच्या संघात गेली, तर मुंबईची वाट पुढे आपोआप उघडेल. उत्तर "नाही" आलं, तर मात्र मुंबईचा विचार मनावर घ्या. "मुलगी लांब जाते" एवढ्याच कारणावर तो मोडू नका. मुलासाठी आपण वाडीतल्या सुपारीवर चार पैसे उचलतोच की!

आणि तरीही मन ठरत नसेल, तर नवऱ्याला, सासूबाईंना, मावशीला विचारून झाल्यावर एकदा मुलीलाही शांतपणे विचारा. संघ आहे का हे तिने आधीच शोधून ठेवलेलं असेल.