चित्राशेजारून चालणारा आवाज

मोबाइलवर नेहमीच्या १०८०पी दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला, की तो सव्वा जीबीच्या आसपास जागा खातो. त्यातला फक्त आवाज वेगळा काढला तर तो भरतो साडेनऊ-दहा एमबी. म्हणजे शंभराव्या हिश्श्याहूनही कमी जागेत गाणं, ढोल, मध्येच कुणी घातलेली साद, लांबवर भुंकणारं कुत्रं, सगळं मावतं. आणि हे वेगळं करायला ब्राउझरमधलं एखादं साधं पान पुरतं. फाइल निवडायची, बटण दाबायचं, काही सेकंदांत आवाजाची फाइल हातात. ज्या व्हिडिओत चित्र आणि आवाज इतके एकजीव वाटतात, ते इतक्या झटपट सुटे होतात तरी कसे?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरसारख्या मंडलात हा प्रश्न फार मोलाचा आहे. या सीमाभागात मराठी, तेलुगू, गोंडी आणि लंबाडी कानावर पडतात. शेजारचा किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो नांदेडात आला, पण माणसांचं बोलणं-गाणं रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिलं. दिवाळीच्या आधी राजगोंडांच्या गावांतून नाचणाऱ्यांची दंडारी निघते, मोरपिसांचे उंच टोप घातलेले गुस्साडी नाचतात, आणि आता साहजिकच प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. मार्लवाईच्या कनक राजूंना गुस्साडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून तर असे व्हिडिओ दूरवर पाहिले जातात. बघणाऱ्याचे डोळे मात्र मोरपिसांवरच खिळतात. ढोलाची चाल कुठे बदलली, पेपरे या सनईसारख्या वाद्याने सूर कधी उचलला, हे नुसतं ऐकायला बसल्याशिवाय कळत नाही.

याच जिल्ह्यात परधानांची किकरी आहे. तारा छेडून नव्हे, गजाने वाजवायचं हे वाद्य. परधान हे राजगोंडांचे परंपरागत गायक, गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गाऊन सांभाळणारे. विशेष असं की घरात मराठी बोलणारे हे गायक पिढ्यान् पिढ्या गोंडीतली गाथा मुखोद्गत ठेवत आले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात मार्लवाईला राहिला आणि या कथा त्याने लिहून घेतल्या. आदिलाबादच्या राजगोंडांवरचं त्याचं पुस्तक १९४८ साली निघालं. शब्द असे कागदावर उतरले. चाल, ठेका, श्वास कुठे घेतला, हे कागदावर उतरत नाही. त्यासाठी आवाजच हवा, आणि आज तो बहुतेक वेळा एखाद्या व्हिडिओत असतो.

आता त्या व्हिडिओच्या पोटात शिरू.

एमपीफोर ही फाइल म्हणजे खरं तर एक पेटी. चित्र आणि आवाज दोन वेगवेगळ्या पद्धतींनी आटवले जातात. चित्रासाठी बहुधा एच.२६४ ही पद्धत (२००३ साली प्रमाणित झालेली), आवाजासाठी एएसी (१९९७). दोन्ही आपापल्या परीने आटून झाले की पेटीत भरले जातात. भरताना ते एकमेकांत मिसळत नाहीत. थोडं चित्र, मग थोडा आवाज, पुन्हा थोडं चित्र, पुन्हा थोडा आवाज, असे आळीपाळीने ठेवले जातात. आदिलाबादच्या काळ्या रानात कपाशीच्या काही ओळी आणि मग तुरीची एक ओळ पेरतात, तशीच ही पेरणी. लांबून शेत एकच हिरवं दिसतं. तूर काढायची वेळ आली की मात्र शेतकरी थेट तुरीच्या ओळीत शिरतो, कपाशीला धक्का लागत नाही.

ही ओळ कुठे आहे ते साधनाला कसं कळतं? पेटीत एक अनुक्रमणिका असते. एमपीफोरच्या रचनेत तिला 'मूव्ह' म्हणतात आणि प्रत्यक्ष मालाच्या कप्प्याला 'एमडॅट'. अनुक्रमणिकेत चित्राचा मार्ग वेगळा नोंदवलेला, आवाजाचा वेगळा. प्रत्येक तुकडा फाइलीत कितव्या बाइटवर सुरू होतो, किती बाइट लांब आहे आणि किती वेळ वाजायचा आहे, सगळं तिथे लिहिलेलं असतं. आवाज काढणारं साधन फक्त आवाजाच्या मार्गाच्या नोंदी वाचतं, सांगितलेल्या ठिकाणी उडी मारतं, तेवढे बाइट उचलतं आणि नव्या पेटीत नवी, छोटी अनुक्रमणिका लिहून ठेवून देतं. चित्र उलगडावं लागत नाही. आवाजसुद्धा उलगडावा लागत नाही. म्हणून तर काही सेकंदांत काम होतं, आणि निघालेला आवाज व्हिडिओतल्या आवाजाशी बिट न् बिट जुळतो. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. काढून घेतल्याने काहीही झिजत नाही.

ही अनुक्रमणिका मोबाइल बहुधा चित्रण संपल्यावर, शेवटी लिहितो. किती तुकडे झाले हे त्याला तोवर ठाऊकच नसतं. त्यामुळे रात्रभर चाललेल्या भजनाचं चित्रण करताना बॅटरी मधेच संपली, तर पुष्कळदा फाइल उघडत नाही. माल सगळा आत असतो, त्याची यादी तेवढी लिहायची राहिलेली असते. अशी फाइल लगेच पुसून टाकू नये. त्याच फोनवर काढलेला दुसरा धड व्हिडिओ नमुन्याला घेऊन यादी पुन्हा रचणारी साधनं असतात, आणि अनेकदा त्यांना यश येतं.

एकमेकांपासून सुटे असलेले हे दोन प्रवाह वाजवताना जुळतात ते वेळेच्या खुणांमुळे. आकडे पाहिले की याची नजाकत कळते. मोबाइल बहुधा आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. एएसी त्यांचे १,०२४-१,०२४ चे गठ्ठे बांधते, म्हणजे एक गठ्ठा साधारण २१ मिलिसेकंदांचा. दहा मिनिटांत असे २८,१२५ गठ्ठे होतात. सेकंदाला ३० या वेगाने चित्राच्या चौकटी होतात १८,०००. या दोन संख्यांचा मेळ एकास एक बसत नाही. एका चौकटीला दीड गठ्ठ्याहून थोडा अधिक आवाज येतो. तरी ढोलावर पडणारी टिपरी आणि तिचा आवाज आपल्याला एकाच क्षणी येतात, कारण प्रत्येक प्रवाह एकाच घड्याळाकडे पाहून चालतो.

चित्रपटाच्या रिळावर हेच काम घड्याळाऐवजी अंतराने व्हायचं. 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा १९३२ चा चित्रपट, पहिला मराठी बोलपट. त्या पिढीच्या बोलपटांत ध्वनी रिळाच्या कडेला प्रकाशाच्या अरुंद पट्टीच्या रूपात छापलेला असे. पट्टीतून दिवा आरपार जाई, पलीकडच्या प्रकाशसंवेदी घटावर कमी-जास्त उजेड पडे आणि त्याचाच कर्ण्यातून आवाज होई. पण गंमत अशी की चौकटीशेजारी छापलेला आवाज त्या चौकटीचा नसेच. ३५ मिलिमीटरच्या रिळावर तो सुमारे २० चौकटी पुढे असे. चित्र दाखवायला रिळाला क्षणभर थांबावं लागतं, झटक्याझटक्याने पुढे सरकावं लागतं. आवाजाला झटके चालत नाहीत, तो सलग धावायला हवा. म्हणून चित्राची खिडकी एकीकडे आणि आवाज वाचणारा दिवा थोडा पुढे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे हे अंतर पाऊण सेकंदाहून जास्त. प्रभातचं ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले याच तंत्रात घडले आणि त्यांनीच फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. आवाजाची जाण असलेल्या माणसाच्या हातून अभंगांचा असा चित्रपट व्हावा, हे मला स्वाभाविक वाटतं. पुढे 'शोले'च्या (१९७५) संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि लोकांनी पडद्याविना नुसते संवाद ऐकले. व्हिडिओतून आवाज काढायची हौस अशी जुनीच आहे.

ऑनलाइन साधनांचं यंत्रही विलक्षण आहे. अशा बऱ्याच साधनांच्या मुळाशी एफएफएमपेग ही मुक्त संगणकप्रणाली असते. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ती २००० साली सुरू केली आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवली. पूर्वी साधन वापरायचं म्हणजे अख्खा व्हिडिओ दूरच्या सर्व्हरवर चढवायचा, तिथे काम व्हायचं आणि निकाल परत उतरवायचा. गावाकडच्या नेटवर्कवर सव्वा जीबी चढवणं म्हणजे दुपार गेलीच. मग वेबअसेम्ब्ली आली. २०१७ पर्यंत ती मोठ्या ब्राउझरांमध्ये रुळली आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत वेब-मानक झाली. तिच्यामुळे एफएफएमपेगसारखं जड यंत्र ब्राउझरच्या आतच चालू लागलं. व्हिडिओ फोनमधून बाहेर जातच नाही. आपण वापरतो ते साधन यांतलं कोणतं हे तपासायचं असेल, तर पान आणि त्यातलं इंजिन एकदा पूर्ण उतरू द्या, मग इंटरनेट बंद करून पाहा. तरी काम झालं तर सगळं तुमच्याच फोनमध्ये घडतंय. देवाच्या पूजेचं किंवा घरातल्या वयोवृद्धांचं चित्रण असेल, तर हाच प्रकार निवडावा, असं माझं ठाम मत आहे. दोन जीबीहून मोठ्या फाइली मात्र अशा साधनांना अनेकदा पेलत नाहीत.

मोबाइल दुरुस्तीच्या किंवा मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानात लोक सरसकट म्हणतात, "याचं एमपीथ्री करून द्या." इथे थोडं थांबायला हवं. एमपीथ्री आणि एएसी दोन्ही कानाच्या एका मर्यादेवर उभ्या आहेत. मोठ्या आवाजाच्या जवळचा, त्याच्यासारख्याच उंचीचा हलका आवाज आपल्याला ऐकू येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब करून न ऐकू येणारं वगळायची रीत बसवली. न आटवलेला सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट घेतो. वगळून वगळून तो सव्वा लाखाच्या आसपास येतो, तरी कान तक्रार करत नाही. पण ही वगळणी मोबाइलने एकदा केलेली असते. एमपीथ्री करताना आवाज उलगडून पुन्हा एकदा वगळला जातो, आणि किकरीसारख्या बारीक, खरखरीत पोताच्या वाद्याची हानी इथेच होते. म्हणून 'मूळ आवाज तसाच' किंवा 'एमफोरए' असा पर्याय दिसला तर तोच निवडा. १२८ केबीपीएसचं ३२० केलं म्हणजे दर्जा वाढला हा समजही सोडून द्यावा. फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही.

एक गोष्ट मात्र हे साधन करू शकत नाही. आवाजाच्या प्रवाहात किकरी, गायकाचा गळा आणि मागचा जनरेटर हे तिन्ही एकमेकांत विरघळलेले असतात. ती मिसळण हवेतच झालेली असते, मायक्रोफोनपर्यंत पोचण्याआधीच. तिची अनुक्रमणिका कुठेही नसते. ते सुटे करायला वेगळंच तंत्र लागतं, हजारो गाणी ऐकून शिकलेलं. २०१९ पासून अशा प्रणाली खुल्या मिळू लागल्या. जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज पियानोपासून असाच सोडवून बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते तंत्र अंदाज बांधतं. व्हिडिओतून आवाज काढणारं साधन अंदाज बांधत नाही, फक्त वेचतं.

मराठीत आवाज जपण्याचं एक थोर काम आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण झालं आणि आज त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कुणालाही ऐकता येतात. त्या ओव्यांना इतकी किंमत आहे ती ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे म्हणून.

बाजारहत्नूर, इच्चोडा, बोथ, किनवट या टापूतल्या फोनांमध्ये दंडारीचे, किकरीचे, हरिनाम सप्ताहाचे, लग्नातल्या गाण्यांचे व्हिडिओ पडून आहेत, आणि जागा भरली की सर्वांत आधी तेच पुसले जातात. चित्रपटातली गाणी काढून वाटणं कायद्यात बसत नाही, पण हे चित्रण तुमचं स्वतःचं आहे. व्हिडिओ ठेवता आला तर ठेवाच. नाही जमलं तर पुसण्याआधी त्यातला मूळ आवाज काढून घ्या, गाणाऱ्याला विचारून घ्या, आणि फाइलीच्या नावात त्या माणसाचं नाव, गाव, भाषा आणि तारीख लिहा.