विमा बदलताना

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली की ती रात्रंदिवस, वर्षानुवर्षे धगधगत ठेवावी लागते. मध्येच थंडावली, तर आतला रस गोठतो आणि सारे काम पहिल्यापासून आरंभावे लागते. भिलाईकरांना ही गोष्ट शिकवावी लागत नाही. परंतु विम्याचीही प्रकृती काहीशी अशीच असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

विदर्भातून नोकरीच्या निमित्ताने भिलाईस गेलेले आणि तेथेच स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. गृहस्थ निवृत्त झालेले, पत्नीस मधुमेह. दोघांच्या आजारपणासाठी घेतलेल्या विम्यास चार वर्षे झाली आहेत. अशा वेळी कोणी सांगतो, दुसऱ्या कंपनीचा हप्ता कमी आहे. गृहस्थ जुन्या कंपनीस पत्र पाठवून विमा रद्द करतात, उरलेल्या मुदतीचे पैसे परत घेतात आणि महिन्याभराने नवे विमापत्र घेतात. मधुमेहाची माहितीही ते प्रामाणिकपणे लिहून देतात. पुढे सहा महिन्यांनी पत्नीच्या पायाची जखम मधुमेहामुळे चिघळते आणि तिला इस्पितळात ठेवावे लागते. नवी कंपनी उत्तर देते : आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च प्रतीक्षेचा काळ संपल्यावाचून देता येत नाही. येथे कोणी कोणास फसविलेले नाही. तरीही आयुष्याची शिल्लक इस्पितळाच्या बिलात जाते.

चूक कोठे झाली? जुन्या विम्याचे मोल गृहस्थांनी चालू वर्षाच्या हप्त्यावरून ठरविले. वास्तविक त्याचे मोल उलटून गेलेल्या काळात होते. आरोग्यविम्यात पूर्वीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावता येते, आणि विमा सलग पाच वर्षे चालला की, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याचे कारण दाखवून कंपनीस मागणी नाकारता येत नाही. हा काळ विमेदाराची कमाईच होय. विमा मोडताच ती कमाई बुडते.

ती बुडू नये, अशी सोय १ ऑक्टोबर २०११ पासून आपल्या देशात आहे. विमेदारास आपला आरोग्यविमा एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो, आणि भोगून झालेली प्रतीक्षा त्याच्यासोबत जाते. मात्र त्याच्या अटी नीट समजून घ्याव्यात. हे स्थलांतर नूतनीकरणाच्या वेळीच होते. यासाठी मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी नव्या कंपनीकडे अर्ज करणे शहाणपणाचे. विम्याची रक्कम वाढविल्यास वाढीव रकमेपुरती प्रतीक्षा नव्याने सुरू होते. शिवाय नव्या कंपनीवर अर्ज स्वीकारण्याची सक्ती नाही. म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुना विमा जिवंत ठेवावा, आणि वेळ आलीच तर त्याचे नूतनीकरण करावे.

देशाने विमाकंपन्यांचा एक फार मोठा पालट पूर्वी पाहिला आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. भिलाई तेव्हा ज्या मध्यप्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. देशी-विदेशी मिळून २४५ विमासंस्थांचा कारभार एकत्र आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्या वेळी विमेदारांना आपला विमा मोडून नवा घ्यावा लागला नाही. जुन्या संस्थांची देणी कायद्यानेच महामंडळाकडे गेली. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले. आज कंपनी बदलण्याचे स्वातंत्र्य विमेदारास आहे. पण तेव्हा सातत्य सांभाळण्याचे जे काम कायद्याने केले, ते आता त्याचे त्यानेच करावयाचे आहे.

आयुर्विम्यात तर असे स्थलांतर नाहीच. तेथे जुना विमा परत करून नवा घेतला, तर हप्ता वाढलेल्या वयाप्रमाणे पडतो. विमापत्रास तीन वर्षे झाल्यावर ते कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही, असे विमा कायद्याचे ४५ वे कलम सांगते. नव्या विमापत्रासाठी ही तीन वर्षेही नव्याने मोजली जातात. आरंभीच्या वर्षांत विमा मोडल्यास भरलेल्या रकमेपेक्षा पुष्कळच कमी पैसे हाती येतात. नवे विमापत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत ते परत करता येते. तेवढ्या अवधीत ते वाचून, मनाशी पटवून, मगच जुन्याचा विचार करावा.

वाहनाच्या विम्यात नुकसानभरपाई न मागितल्याबद्दल स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात जी सूट मिळते, ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. ती सूट मालकाची असते, कंपनीची नव्हे, आणि म्हणून नव्या कंपनीकडे नेता येते. परंतु विम्यात नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला की ती नाहीशी होते. शिवाय दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा नसताना रस्त्यावर वाहन आणणे हा एका दिवसापुरताही गुन्हाच.

याचा अर्थ विमेदाराने असमाधानी राहूनही जुन्या कंपनीलाच चिकटून राहावे, असा नव्हे. आरोग्यविमा सात दिवसांची लेखी सूचना देऊन केव्हाही रद्द करता येतो, आणि त्या मुदतीत मागणी केली नसल्यास उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो. हक्क आहे, प्रश्न क्रमाचा आहे. आधी चौकशी, मग अर्ज, मग लेखी होकार, मग नव्या विमापत्राचे वाचन, आणि सर्वांत शेवटी जुन्याचा निरोप. भिलाईच्या त्या गृहस्थांनी हाच क्रम पाळला असता, तर कमी हप्त्याचा लाभही झाला असता आणि पत्नीच्या आजारपणात विम्याचा आधारही उरला असता.