ट्योडीच्या साधूचे कागद

ट्योडी या स्विस पर्वताच्या उत्तर अंगाला, ग्लारुस परगण्यात, टियरफेद गावापाशी गाडीरस्ता संपतो. उंची जेमतेम 800 मीटर. पुढे पायवाट लिंट नदीच्या घळीवरचा पँटेनब्रुके हा कमानी पूल ओलांडून हिंटर सांडच्या कुरणात जाते आणि तिथून दमवणारा चढ चढत 2,111 मीटरवरच्या फ्रिडोलिन्सहुट्टेला पोचते. आल्प्सच्या प्रसिद्ध वाटांवरची गर्दी इकडे फिरकत नाही. शिखराला जाणारे इथे मुक्काम करतात. मला मात्र अनेक वर्षं ओढ आहे ती त्याहून वरच्या, बिफर्टन हिमनदीकाठच्या ग्र्युनहॉर्न हटची. स्विस आल्पाइन क्लबचा हा पहिला निवारा, 1863 सालचा.

क्लबची स्थापनाही त्याच वर्षी 19 एप्रिलला ओल्टनमध्ये झाली. पुढाकार घेणारे झिमलर 1861 मध्ये ट्योडी चढून आले होते. लंडनला आल्पाइन क्लब 1857 पासूनच होता. आपल्याच डोंगरांची माहिती आपण इंग्रजांच्या पुस्तकांतून घ्यावी, हे स्विस मंडळींना खटकत होतं.

हे खटकणं रास्तच होतं. पण याच पर्वतावर आयुष्य खर्ची घातलेल्या एका स्विस माणसाचं बहुतांश लेखन तेव्हा अप्रकाशित पडून होतं. प्लासिदुस आ स्पेशा हे त्याचं नाव. जन्म 1752 चा, ट्योडीच्या दक्षिणेकडच्या त्रूनमधला. डिझेन्टिसच्या मठातला हा बेनेडिक्टाइन साधू स्फटिक गोळा करी, नकाशे काढी आणि शिखरं चढे. राइनवाल्डहॉर्नवर तो 1789 मध्येच पोचला होता. 1799 मध्ये फ्रेंच सैन्य आलं. त्याचा खनिजसंग्रह गेला, मठाच्या आगीत हस्तलिखितं जळाली. वर फ्रेंचांना अनुकूल असल्याच्या संशयावरून ऑस्ट्रियनांनी त्याला इन्सब्रुकला नेऊन ठेवलं. दोन्ही सैन्यांनी छळलेला हा माणूस 1801 मध्ये परतला, आणि पुन्हा डोंगरांकडे वळला. त्याच्याविषयीचा माझा आदर इथून सुरू होतो.

ट्योडीने त्याला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. 1 सप्टेंबर 1824 रोजी, वयाची 71 वर्षं उलटल्यावर, रुसेन खोऱ्यातून तो शेवटचा निघाला. सोबत त्याचा सेवक आणि शॅमॉय या डोंगरी बकऱ्यांची शिकार करणारे दोघे, प्लासी कुर्शेलास आणि आउगुस्टिन बिस्क्वोल्म. एका खिंडीपर्यंत तो गेला. आता तिला ‘पोर्टा दा स्पेशा’ म्हणतात. तिथून शिकारी पुढे गेले आणि साडेतीन हजार मीटरच्या वरचं ते शिखर त्यांनी गाठलं. म्हातारा खिंडीतून पाहत राहिला.

या पहिल्या चढाईचं श्रेय स्पेशाने स्वतःकडे ओढलं नाही. त्या दोघांची नावं लिहून ठेवली. तो काळ लक्षात घेतला तर हे मला शिखर गाठण्याइतकंच मोलाचं वाटतं. वाटाड्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या खांद्यावरून शिखरं गाठून नावं मात्र साहेबांची लागण्याचे प्रसंग आल्प्समध्ये काय कमी घडले?

1833 मध्ये त्रूनमध्येच स्पेशा वारला. त्याचं चरित्र आणि लेखन पीट आणि हागर यांनी ग्रंथरूपाने आणलं ते 1913 मध्ये. म्हणजे इंग्रजांच्या पुस्तकांची खंत करत क्लब उभा राहिला, ग्र्युनहॉर्नला दगडी भिंती चढल्या, त्यानंतरही पन्नास वर्षं ट्योडीच्या पहिल्या जाणकाराचे कागद वाट पाहत होते. त्या पहिल्या हटला स्पेशाचंच नाव द्यायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.