पर्यायी इतिहासातील राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक : अमेरिका, १९४०

प्रस्तावना

इतिहासाच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने 'असे झाले असते तर?' हा प्रश्न विचारला की, 'आत्याबाईला मिशा असत्या तर' असे म्हणून तो बहुधा हसण्यावारी नेला जातो. या उपेक्षेला विद्वानांचाही आधार आहे. ई. एच. कार यांनी 'व्हॉट इज हिस्टरी?' (१९६१) या ग्रंथात जर-तरच्या इतिहासाची गणना बैठकीतील करमणुकीत केली. याउलट मॅक्स वेबर यांनी १९०६ मधील एका निबंधात मॅरेथॉनच्या लढाईचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादन केले होते की, एखाद्या घटनेला 'कारण' म्हणताना ती घडली नसती तर काय झाले असते, याचा विचार इतिहासकाराने मनोमन केलेलाच असतो. 'या निवडणुकीने देशाची दिशा बदलली' असे विधान वर्गात सहज केले जाते. परंतु निकाल वेगळा लागता तर दिशा कोणती असती, हे सांगता आल्याशिवाय त्या विधानाला आधार मिळत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या १९४० च्या निवडणुकीच्या आधारे ही विचारपद्धती स्पष्ट केली आहे.

गोळी आणि मतपेटी

अनेक मराठी वाचकांना पर्यायी इतिहासाचा परिचय डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेमुळे झाला. १७६१ च्या रणांगणावर विश्वासराव गोळीतून बचावतात आणि हिंदुस्थानचा पुढील इतिहास पालटतो, अशी तिची कल्पना आहे. फिलिप के. डिक यांच्या 'द मॅन इन द हाय कॅसल' (१९६२) या कादंबरीत नेमके उलट घडते. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी येथे जुझेप्पे झांगारा याने नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात रूझवेल्ट बचावले आणि शिकागोचे महापौर अँटन सेरमाक यांचा त्या जखमेमुळे पुढे मृत्यू झाला. कादंबरीत मात्र रूझवेल्टच बळी पडतात, अमेरिका दुर्बल राहते आणि जर्मनी व जपान महायुद्ध जिंकतात.

गोळीचा नेम चुकणे वा साधणे हा क्षणाचा खेळ असतो. तो बदलण्यास लेखकाला फारसे मोल द्यावे लागत नाही. निवडणुकीचे तसे नाही. तिच्यात कोट्यवधी मतदारांचे निर्णय, पक्षांची यंत्रणा आणि राज्यघटनेतील तरतुदी गुंतलेल्या असतात. म्हणूनच निवडणुकीचा निकाल उलटा करू पाहणाऱ्या लेखकाची परीक्षा अधिक कठीण असते.

लिंडबर्ग की टाफ्ट?

फिलिप रॉथ यांनी 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' (२००४) या कादंबरीत ही परीक्षा दिली. अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग १९४० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होतात, अमेरिकेला युद्धापासून दूर ठेवण्याचे आश्वासन देऊन रूझवेल्ट यांचा दणदणीत पराभव करतात, आणि न्यूअर्क शहरातील एका ज्यू कुटुंबाच्या आयुष्यात भय हळूहळू शिरू लागते. लिंडबर्ग यांच्या तोंडी ज्यूविरोध घालण्यासाठी रॉथ यांना फार दूर जावे लागले नाही. ११ सप्टेंबर १९४१ रोजी डी मॉइन येथील भाषणात खऱ्या लिंडबर्ग यांनीच ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट प्रशासन हे तिघे देशाला युद्धाकडे ढकलत असल्याचा आरोप केला होता.

उमेदवारीचा भागही वाटतो तितका अद्भुत नाही. जून १९४० मध्ये, फ्रान्सच्या शरणागतीनंतर अवघ्या काही दिवसांत, फिलाडेल्फिया येथे भरलेल्या रिपब्लिकन अधिवेशनाने प्रत्यक्षात वेंडेल विल्की यांची निवड केली. ते वीज कंपनीचे प्रमुख होते, कोणत्याही निर्वाचित पदावर कधी बसले नव्हते आणि थोड्याच काळापूर्वीपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षात होते. असा मनुष्य निवडला जातो तेथे वैमानिकही निवडला जाऊ शकतो, असे रॉथ यांचे गृहीतक असावे.

तथापि इतिहासकार येथे थबकेल. नायल फर्ग्युसन यांनी 'व्हर्च्युअल हिस्टरी' (१९९७) या संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत अशी अट घातली आहे की, तत्कालीन लोकांनी ज्या पर्यायांचा खरोखर विचार केल्याची लेखी साक्ष आहे, तेवढेच पर्याय विचारात घ्यावेत. लिंडबर्ग यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कधी मागितली नाही. ही कसोटी उत्तीर्ण होतो तो ओहायोचे सेनेटर रॉबर्ट टाफ्ट यांचा पर्याय. पाचव्या फेरीत विल्की यांना ४२९ आणि टाफ्ट यांना ३७७ मते होती. बहुमतासाठी ५०१ हवी होती. निर्णय सहाव्या फेरीत झाला. विल्की यांनी सक्तीच्या सैन्यभरतीस पाठिंबा दिला होता आणि पुढे ब्रिटनला उधार-उसनवारीने शस्त्रे देण्याच्या १९४१ च्या कायद्याचेही समर्थन केले. टाफ्ट यांनी दोन्ही कायद्यांना विरोध केला. म्हणजे युद्धनीतीतील खरा फाटा रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात नव्हता, तो फिलाडेल्फियाच्या सभागृहातच फुटत होता. विल्की विजयी झाले असते तरी ब्रिटनला मदत बहुधा मिळालीच असती. कादंबरीकाराला त्यांना बाजूला सारावे लागले ते याच कारणाने.

टाफ्ट यांना उमेदवारी मिळाली असती तरी विजय कसा मिळणार, हा प्रश्न उरतोच. रूझवेल्ट यांनी निर्वाचक मंडळाची ४४९ मते मिळविली, विल्की यांना ८२ मिळाली. लोकमतातील अंतर सुमारे ५० लाखांचे होते. एवढी दरी एका वक्त्याच्या प्रभावाने भरून निघत नाही. त्यासाठी रूझवेल्ट यांनीच उभे न राहणे आवश्यक ठरते. ती शक्यता मात्र खरी होती. दोनच कार्यकाळांचा संकेत वॉशिंग्टन यांच्यापासून चालत आला होता, पण त्याला कायद्याचे बळ नव्हते. ते १९५१ मध्ये बाविसाव्या घटनादुरुस्तीने आले. अशा रीतीने पर्यायी निकालासाठी दोन स्वतंत्र बदल गृहीत धरावे लागतात, आणि गृहीतके वाढतात तशी शक्यता क्षीण होत जाते.

दोन मृत्यू आणि एक रिकामी खुर्ची

विल्की यांचा पर्याय युद्धनीतीच्या दृष्टीने निष्फळ असला, तरी घटनात्मक दृष्टीने तो विलक्षण आहे. या विषयावरील चर्चेत त्याला याहून अधिक स्थान मिळावयास हवे. विल्की यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार सेनेटर चार्ल्स मॅकनेरी फेब्रुवारी १९४४ मध्ये मेंदूतील गाठीच्या विकाराने निवर्तले. स्वतः विल्की ८ ऑक्टोबर १९४४ रोजी हृदयविकाराने वारले. ही जोडी १९४० मध्ये निवडून आली असती आणि दोघांचे मृत्यू याच वेळी झाले असते, तर महायुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेची दोन्ही सर्वोच्च पदे रिक्त झाली असती. उपाध्यक्षपदाची रिकामी जागा मध्येच भरण्याची तरतूद त्या काळी नव्हती. १८८६ च्या कायद्यानुसार सूत्रे परराष्ट्रमंत्र्याकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या व्यक्तीकडे, गेली असती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मॅकनेरी यांचा आजार निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नव्हता, त्यामुळे पर्यायी इतिहासातही तो गृहीत धरणे योग्य ठरते. विल्की यांच्या हृदयाबाबत तसे म्हणता येत नाही. युद्धकाळातील राष्ट्राध्यक्षपदाच्या ताणाने मृत्यू अलीकडे आला असता, किंवा सरकारी वैद्यांच्या देखरेखीमुळे लांबलाही असता. निकाल बदलला की कोणत्या गोष्टी त्याच्याबरोबर बदलतात आणि कोणत्या जागच्या जागी राहतात, याचा असा निवाडा प्रत्येक घटकाबाबत स्वतंत्रपणे करावा लागतो. जर-तरच्या बहुतेक लोकप्रिय लेखनात नेमका हाच निवाडा टाळलेला दिसतो.

ही फट पुढे बुजविण्यात आली. १९४७ च्या कायद्याने उत्तराधिकारात प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना परराष्ट्रमंत्र्याच्या आधी स्थान दिले, तर १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने उपाध्यक्षपद मध्येच भरण्याची सोय केली. त्या दुरुस्तीनुसार डिसेंबर १९७३ मध्ये जेराल्ड फोर्ड उपाध्यक्ष झाले आणि रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष. या दोन्ही पदांसाठी त्यांना देशाने कधीही मत दिलेले नव्हते.