भाकरीवाल्या मावशींचा राजीनामा

'कामाला माणसंच मिळत नाहीत हो!' जळगावात कुठल्याही हॉटेलच्या गल्ल्याजवळ दोन मिनिटं उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणायचो, अगदी हातवारे करून. पुण्यात एमबीए, मग चार वर्षं गळ्यात आयकार्ड घालून नोकरी आणि एक दिवस 'बस्स, आता स्वतःचं काहीतरी!' म्हणत थेट घरी. दोन मित्र, बँकेचं लोन आणि हायवेलगत सत्तर सीट्सचं रेस्टॉरंट. मेन्यू ठरवायला पाच मिनिटं लागली. शेवभाजी, पाटोड्या, वरण-बट्टी आणि थंडीत भरीत.

भरीत म्हणजे काय चीज आहे, हे खानदेशाबाहेरच्या मंडळींना सांगून कळत नाही. आमच्या वांग्याला जीआय टॅग आहे, राव! ती भलीमोठी फिकट हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची. वर मिरची, लसूण, कांद्याची पात. पण वांगं कितीही नामांकित असो, सोबतची कळण्याची भाकरी थापायला हात लागतो. ज्वारी आणि उडदाचं ते पीठ नवख्याच्या हातात फाटतं. आमच्याकडे असे चार हात... म्हणजे चार मावशी होत्या. त्यातल्या सगळ्यात सीनियर पारोळ्याकडच्या. डायनिंग हॉलच्या कोपऱ्यात चूल मांडून 'लाइव्ह भाकरी काउंटर' करायची आयडिया माझी. एकदम हिट! लोक फोटो काढायचे, मी खूश.

डिसेंबरातला शनिवार होता. रात्रीचे साडेदहा. एका मोठ्या पार्टीची ऑर्डर सुरू होती. महिन्याला चार-पाच पार्ट्या देणारे हे गिऱ्हाईक, त्यामुळे सगळे गुन्हे माफ. त्यातला एक जण काउंटरपाशी गेला, मोबाइल मावशींच्या तोंडासमोर धरला, काहीतरी बोलला. मग 'मलाही शिकव की' म्हणत त्यांचा पिठाचा हात धरला. मावशींनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? हसलो. 'साहेब, या इकडे, स्वीट डिश आलीय' असं म्हणून त्याला टेबलावर नेलं. माझ्या मते मी सिच्युएशन फार झकास हँडल केली होती.

रविवारी मावशी आल्या नाहीत. सोमवारी बाकीच्या तिघीही नाहीत. ऐन भरताच्या सीझनमध्ये चूल थंड! मला खात्रीच, की बाजूच्या हॉटेलवाल्याने पळवल्या. पगारात हजार रुपयांची वाढ खिशात घालून मी त्यांच्या घरी पोहोचलो. चहा झाला. मी आकडा सांगितला. मावशी म्हणाल्या, 'भाऊ, पैसास्ना सवाल नही.' आणि थोडं थांबून, 'तुम्ही हासनात.'

मग त्या बोलत गेल्या आणि मी ऐकत गेलो. रात्री अकराला सुटल्यावर रिक्षावाला दुप्पट पैसे मागतो, नाहीतर तीन किलोमीटर अंधारातून पायी. किचनमागच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून एकीने बाहेर उभं राहायचं आणि दुसरीने जायचं. दुपारनंतर त्या पाणीच कमी प्यायच्या. चुलीसमोर बसणाऱ्या बायका, जळगावच्या उन्हाळ्यात! तंदूरवाला उस्ताद हेल्पर पोरांना आई-बहिणीवरून हाक मारतो ते वेगळंच. यातली एकही गोष्ट मला नवीन नव्हती. कडी तर मी रोज बघत होतो.

गंमत म्हणजे, डॅनी मेयर या न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटवाल्याचं 2006 सालचं 'सेटिंग द टेबल' मी पुण्यात वाचलं होतं. आधी आपला स्टाफ, मग गिऱ्हाईक, असा त्याचा सरळ फंडा आहे. मी त्याखाली पेन्सिलने रेघसुद्धा मारली होती.

त्या आठवड्यात मी धुळ्याला मामाकडे गेलो. एरंडोल, पारोळा मागे टाकत नव्वदेक किलोमीटर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे धुळ्यात एकमेकांना छेदतात. मामाचं हॉटेल तिथून जवळच. इंटेरिअर म्हणाल तर शून्य, गल्ल्यावरचा पंखा गेल्या दिवाळीपासून बंद आणि मामा दुरुस्त करायला तयार नाही. पण कॅप्टन पंधरा वर्षांपासून तोच, आचारी तोच, यूपीची पोरं होळीला गावी जातात आणि चक्क परत येतात! आमच्याकडे होळीला गेलेला माणूस थेट दुसऱ्याच हॉटेलात दिसतो.

'मामा, सीक्रेट काय?' मामा वैतागला. 'सीक्रेट काय असणार? पाच तारखेला पगार. गल्ला रिकामा असला तर तुझ्या मामीच्या बांगड्या गहाण, पण पाच म्हणजे पाच.' (कायदा सात तारखेच्या आत म्हणतो, मामा दोन दिवस पुढे.) गावी जाणाऱ्याला तो जातानाच परतीचं तिकीट काढून देतो. फुटलेल्या कपबश्यांचे पैसे कापत नाही. उचल देतो, पण थोडी. 'मोठी उचल घेतलेला माणूस ती फिटेपर्यंत राहतो, फिटली की त्याच रात्री बस पकडतो.' आणि स्टाफचं जेवण वेगळं शिजत नाही. गिऱ्हाइकाला जी शेवभाजी, तीच पोरांना. मला आमच्याकडची स्टाफची पाणीदार डाळ आठवली.

मामा संत वगैरे अजिबात नाही. एकेकाळी त्याच्याकडेही 'छोटू' होते, दोन-तीन. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेल आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली, तेव्हा त्याने त्यांना घरी पाठवलं. 'त्याआधी मला कधी सुचलं नाही,' तो म्हणाला. त्या पोरांची नावं त्याला अजून पाठ आहेत. परत कोणी भेटायला आलं नाही.

आणि गिऱ्हाईक? एकदा एका ट्रान्सपोर्टवाल्याने वेटरच्या कानाखाली मारली, तेव्हा मामाने त्याचं ताट उचललं, बिल फाडलं आणि दार दाखवलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी 'स्वीट डिश' आली.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते कडीचं. सुताराने वीस मिनिटांत बसवली. मग कायदा वाचायला बसलो, म्हणजे आमच्या सीएकडून समजून घेतला. विशाखा गाइडलाइन्स 1997 च्या, आणि त्यानंतर 2013 चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. आम्ही चौदा! दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. गिऱ्हाइकापासून, म्हणजे कामाच्या जागी येणाऱ्या कुणाहीपासून स्टाफला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी, असंही त्यात स्वच्छ लिहिलंय. तोवर मला हे सगळं फक्त आयटी कंपन्यांच्या इंडक्शनमध्ये दाखवायचं प्रकरण वाटायचं. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी. इथे मी अडकलो, कारण आमच्याकडे वरिष्ठ पदावर एकही बाई नव्हती.

रात्रीच्या वेळेचंही तसंच. दुकाने आणि आस्थापनांच्या 2017 च्या राज्याच्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवायची सोय मालकाने करायची. हा कायदा दहा माणसांपासून लागू होता. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. माझे काही हॉटेलवाले मित्र म्हणाले, 'चला, सुटलो!' सुटलो कसले? मावशी कायदा वाचून गेल्या नव्हत्या.

पुन्हा पारोळ्याच्या मावशींकडे गेलो. या वेळी खिशात आकडा नव्हता. आधी माफी मागितली. तीही धड जमली नाही, कारण त्यांचा जावई समोर बसला होता. मग सांगितलं: भाकरी काउंटर रात्री नऊला बंद. घरी सोडायला ठरलेली रिक्षा, पैसे हॉटेलचे. काउंटरपुढे आडवी कठडी, मोबाइल धरायला मनाई. आणि तुम्ही किचन इन्चार्ज, आचाऱ्याच्या बरोबरीने. मावशींनी विचारलं, 'तो तंदूरवाला?'

हा प्रश्न मला टाळायचा होता. उस्तादच्या हातची रोटी म्हणजे कमाल होती. मी त्याला समजावलं, एकदा नव्हे, तीनदा. चौथ्यांदा त्याने हेल्परच्या अंगावर चिमटा फेकला. त्या संध्याकाळी त्याचा हिशेब चुकता केला, आणि तो दोन पोरांना घेऊन सुरतला गेला. पुढचे तीन आठवडे मी स्वतः कांदे चिरत होतो, तंदूर बंद होता आणि पार्टनर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. पार्ट्या देणाऱ्या त्या साहेबांनाही फोन करून सांगितलं, की तुमच्या त्या दोस्ताला आणू नका. त्यांनी पार्ट्याच दुसरीकडे हलवल्या. मार्चपर्यंत आकडे लालच होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मावशी परतल्या. तिघींपैकी दोघी आल्या. तिसरीने मात्र घरीच डबे सुरू केले होते, तिने साफ नकार दिला. पुढच्या थंडीपर्यंत मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला. माणसं विचारत यायला लागली. मी पेपरात जाहिरात दिली नव्हती. मावशींच्या गल्लीत, भिशीत, लग्नाच्या पंगतीत बातमी फिरली होती. हॉटेल मॅनेजमेंट केलेली एक मुलगी कॅप्टनच्या पोस्टसाठी आली, सोबत तिची आई. आईने मेन्यू, पगार काहीच विचारलं नाही. 'टॉयलेट कुठे आहे?' म्हणाली. आत गेली, कडी लावून बघितली, बाहेर आली आणि मग विचारलं, 'रात्री घरी कितीला?' इंटरव्ह्यू मीच देत होतो! ती मुलगी अजून आमच्याकडे आहे. आता ती समितीत मावशींच्या शेजारी बसते. तिथे आजवर दोन तक्रारी आल्या. एकीत चूक माझ्या पार्टनरची निघाली. ते प्रकरण इथे लिहू नकोस, असं त्याने सांगितलंय.

नऊनंतर कळण्याची भाकरी नाही, ही पाटी अजून बऱ्याच जणांना खटकते. परवाच सव्वानऊला पुण्याची एक गँग आली, अजिंठा बघून. 'इतक्या लांबून भरीत खायला आलो, आणि भाकरी नाही? काय हे, दादा!' मी त्यांना चपातीवर मनवत होतो. तेवढ्यात मावशी हात धुऊन, खांद्याला पर्स लावून बाहेर निघाल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवून नाही म्हटलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

'भाऊ,' जाता जाता दारातून त्या म्हणाल्या, 'उद्या वांगी लवकर आणा. आजची कडू निघाली.'