कुलूपबंद डिस्क आणि विलंबाची चौकशी

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये काय काय साठत जाते, याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा येत नाही. पक्षकारांची खरेदीखते, वाटणीपत्रे, सातबारे आणि फेरफार तर त्यात असतातच. पण हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी अमलाखाली असल्यामुळे पणजोबांच्या नावाचे उर्दू आणि मोडी कागदही लोक जपून घेऊन येतात, आणि २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध आरंभल्यापासून तर अशा जीर्ण कागदांच्या नकला घरोघरी जिवापाड सांभाळल्या जाऊ लागल्या आहेत. हिंगोलीच्या बसमध्ये असा लॅपटॉप विसरला, तर नुकसान माझे थोडे आणि ज्यांनी विश्वासाने कागद हवाली केले त्यांचे फार. म्हणून लिनक्स प्रणालीच्या या यंत्राची संपूर्ण डिस्क मी कुलूपबंद करून घेतली होती.

गेल्या वर्षी दुरुस्तीहून परत आल्यानंतर हे यंत्र सुरू होण्यास साडेतीन मिनिटे घेऊ लागले. सकाळी पक्षकार समोर बसलेला, तारीख अकराची, आणि पडदा काळा. ज्याला विचारावे तो एकच उपाय सांगे : "वकीलसाहेब, ते कुलूप काढून टाका." हा सल्ला मला तेव्हाही पटला नाही आणि आता तर तो चुकीचा असल्याची माझी खात्री आहे.

कुलूप म्हणजे काय, हे आधी पाहू. डिस्कवरील मजकूर ज्या किल्लीने बंद होतो, ती आपला परवलीचा शब्द नव्हे. खरी किल्ली यंत्र स्वतः निर्माण करते आणि डिस्कच्या आरंभी, शीर्षभागात, एका खोबणीत बंद करून ठेवते. आपला शब्द उघडतो तो ही खोबण, जसे तिजोरीची किल्ली एखाद्या फडताळात ठेवून फडताळाला वेगळे कुलूप लावावे. लक्स या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत अशा आठ खोबणी असतात, नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. शब्दापासून खोबणीची किल्ली घडविताना गणिताची एकच क्रिया लक्षावधी वेळा मुद्दाम फिरविली जाते, कारण चोराने शब्दांमागून शब्द लावून पाहायचे ठरविले तर प्रत्येक प्रयत्न त्यास महाग पडावा. खोबण तयार करताना यंत्र आपली शक्ती मोजून सुमारे दोन सेकंद लागतील इतकी आवर्तने ठरविते. एवढा विलंब हाच पहारा आहे, आणि त्याबद्दल तक्रार करणे योग्य नाही.

डिस्क उघडल्यावर मजकूर उलगडण्याचे काम तर आजच्या यंत्रास जड नाहीच. अमेरिकन शासनाने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेली एईएस ही पद्धत डेमेन आणि रायमेन या दोन बेल्जियन संकेतशास्त्रज्ञांची. तिच्यासाठीच्या खास आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून येऊ लागल्या. 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' ही आज्ञा दिली की वेग आकड्यांत दिसतो. माझ्याकडे तो माझ्या फिरत्या हार्डडिस्कच्या वाचनवेगापेक्षा कितीतरी पट निघाला. मग साडेतीन मिनिटे जात होती कोठे?

मी घड्याळ घेऊन बसलो आणि वेळेचे टप्पे पाडले. शब्द दिल्यानंतर पहिल्या हालचालीपर्यंत ४० सेकंद. मग ३० सेकंदांची स्तब्धता. मग पुरी दीड मिनिटे. उरलेला वेळ जुन्या डिस्कच्या संथपणाचा. सुरू होताना एस्केप दाबले की शोभेचा पडदा बाजूला होऊन खरे संदेश दिसतात, आणि तेथेच दीड मिनिटाचा उलगडा झाला. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्कवरील स्वॅपचा, म्हणजे स्मृतीच्या जोडीस राखलेला, विभाग नव्याने पाडला होता, त्यामुळे त्याची ओळखसंख्या बदलली होती. एफएसटॅब या नोंदवहीत मात्र जुनीच संख्या राहिली होती, आणि यंत्र रोज सकाळी त्या नसलेल्या विभागाची ९० सेकंद वाट पाहत होते. तीच मृत संख्या, निद्रेतून जागे होण्याची जागा म्हणून, आरंभीच्या प्रतिमेतही होती. ३० सेकंद तिच्यापायी जात होती. दोन ओळी दुरुस्त करून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालविताच दोन मिनिटे वाचली. त्यांत कुलुपाचा काडीचाही दोष नव्हता. ('सिस्टमडी-ॲनलाइझ' ही आज्ञाही असा हिशेब देते; मात्र शब्द टंकण्यात आपण घालविलेला वेळ ती यंत्राच्याच खाती मांडते, हे ध्यानात ठेवावे.)

राहिली ती ४० सेकंदे, आणि त्यांनी मला खरोखर हादरविले. माझ्या यंत्रात ग्रब हा आरंभीचा कार्यक्रमच कुलूप उघडतो. त्याला प्रोसेसरची पूर्ण शक्ती वापरता येत नाही, त्यामुळे दोन सेकंदांसाठी ठरविलेली आवर्तने त्यास वीस सेकंदांची होतात. शिवाय तो खोबणी क्रमाने लावून पाहतो. 'लक्सडम्प' या आज्ञेने शीर्षाचा तपशील काढला, तेव्हा दोन खोबणी भरलेल्या दिसल्या, आणि लावून पाहता माझा शब्द दुसरीत निघाला. पहिलीत यंत्र विकणाऱ्याने बसविताना घातलेला त्याचा शब्द जसाच्या तसा होता. म्हणजे पक्षकारांच्या कागदांची एक किल्ली इतकी वर्षे परक्या माणसाजवळ होती, आणि विलंबाची चौकशी केली नसती तर ते मला कधीच कळले नसते.

ती खोबण मी मोडली, आपला शब्द पहिल्या खोबणीत आणला आणि आवर्तनांची मुदत अर्ध्या सेकंदावर उतरविली. अशी कपात शब्द लांबलचक असेल तरच करावी. मी सहा असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत घेतले, कारण ग्रबच्या पायरीवर कळफलक अमेरिकन असतो, देवनागरी चालत नाही. आता यंत्र एका मिनिटात उभे राहते, कुलुपासकट.

विंडोजवरील बिटलॉकर हे कुलूप वापरणाऱ्यांनीही ते काढण्याऐवजी विलंबाचे कारण शोधण्याची हीच रीत धरावी. तेथे ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवावी, आणि बायॉस बदलण्यापूर्वी पहारा तात्पुरता स्थगित करावा.

वाचकांना एकच विनंती. खोबणीस हात लावण्यापूर्वी 'लक्सहेडरबॅकअप' या आज्ञेने शीर्षाची नक्कल घ्या, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर कपाटात बंद ठेवा, आणि जुनी खोबण मोडल्यावर जुनी नक्कलही नष्ट करून नवी घ्या. कारण जुन्या नकलेत मोडलेली किल्ली जिवंतच राहते.